श्रावणात भरलेली पिल्ले आणि खाद्यातील बुरशी

चतुर्थी आटोपली की गोव्यात कोंबडीची मागणी वाढते, आणि तेव्हा वजनाला आलेली बॅच हाती असावी म्हणून ऐन श्रावणात पिल्ले भरली जातात. म्हणजे सर्वांत नाजूक वयातील पिल्लांच्या पुढे सर्वांत दमट हवेत साठवलेले खाद्य येते. त्यातच विक्री मंदावल्यामुळे मागील बॅचची पोती उरलेली असतात. खरी काळजी त्या पोत्यांची करावी.

खाद्यातील मक्याचा ओलावा १३-१४ टक्क्यांवर गेला की बुरशी वाढू लागते आणि ॲस्परजिलस बुरशीच्या काही जातींपासून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होते. १९६० साली इंग्लंडमध्ये भुईमुगाच्या बुरसलेल्या पेंडीमुळे एक लाखाहून अधिक टर्की पक्षी दगावले, त्या तपासातून हे विष उजेडात आले. शेडमध्ये मात्र एवढी मरतूक क्वचितच होते. पक्षी खातात पण वजन धरत नाहीत, बॅच लहानमोठी होते, आणि लस वेळेवर देऊनही रानीखेत किंवा गंबोरो हा विषाणूजन्य रोग येतो, कारण विषामुळे प्रतिकारशक्ती खचलेली असते. दोष मात्र लसीवर जातो. अशा वेळी मेलेला पक्षी पशुवैद्यकाकडून फाडून पाहावा: निरोगी काळीज (यकृत) तांबूस-तपकिरी व घट्ट असते, तर बाधित काळीज पिवळट, सुजलेले आणि बोटाने दाबताच फुटणारे असते. मूत्रपिंडे फिकट व मोठी झाली असतील तर ओक्राटॉक्सिन या बुरशीच्या दुसऱ्या विषाचा, चोचीच्या आत पिवळट चट्टे असतील तर टी-२ या आणखी एका बुरशीविषाचा संशय घ्यावा.

पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवावीत आणि पावसाळ्यात आठ-दहा दिवसांपुरतेच खाद्य आणावे. खाद्याच्या भांड्यांच्या तळाशी चिकटलेला थर रोज खरवडून काढावा. तो बहुतेक ठिकाणी राहूनच जातो. गुठळ्या झालेले खाद्य उन्हात वाळवून वापरण्याची सवय घातक आहे, कारण बुरशी मेली तरी विष उरते, आणि गोळी खाद्य बनवतानाच्या उष्णतेनेही ते नाहीसे होत नाही. खाद्यात मिसळायचे बेंटोनाइट मातीसारखे बाइंडर अफ्लाटॉक्सिन बांधून ठेवतात, टी-२वर त्यांचा फारसा उपयोग नाही. तपासणीसाठी अनेक पोत्यांतून थोडे थोडे खाद्य घेऊन नमुना करावा, कारण बुरशी सगळीकडे सारखी नसते.

बाजूला काढलेले पोते गाईपुढेही ओतू नये, विष दुधात उतरते. आणि बदकांना तर मुळीच घालू नये, कारण त्यांची पिल्ले कोंबडीच्या पिल्लांहून कितीतरी लवकर दगावतात.