फ्लोरिडात गॅरेजचं दार बदलताय? आधी परमिट

घर मायामी-डेड किंवा ब्रॉवर्ड काउंटीत असेल, तर गॅरेजचं दार बदलायला बिल्डिंग परमिट लागतं. नवं दार अगदी त्याच मापाचं असलं तरी. कारण चक्रीवादळ. १९९२ च्या अँड्र्यू वादळात अनेक घरांची गॅरेजची दारं आत चेपली, वारा घुसला आणि त्यानं आतूनच छपरं उचलली. म्हणून इथे दाराला वाऱ्याचा दाब आणि उडून येणाऱ्या वस्तूंचा मार सोसण्याची मान्यता हवी. मायामी-डेडमध्ये तिला ‘एनओए’ (नोटीस ऑफ अ‍ॅक्सेप्टन्स, म्हणजे स्वीकृतीपत्र) म्हणतात. ऑर्डर देण्याआधीच विक्रेत्याकडून तिची प्रत मागा आणि दाराची रुंदी तिच्यात बसते का ते बघा.

‘परमिट तुमच्याच नावानं काढा, स्वस्तात पडेल’ असं कंत्राटदार म्हणाला, तर तो गडी सोडून द्या. तसं केलंत की कामाची कायदेशीर जबाबदारी तुमच्या गळ्यात. शेवटची तपासणी होऊन परमिट बंद होईपर्यंत कंत्राटदाराचे थोडे पैसे हातात ठेवा. उघडं राहिलेलं परमिट घर विकताना व्यवहार अडवू शकतं. तुमच्या वसाहतीत एचओए (घरमालकांची संघटना) असेल तर रंग-डिझाइनची परवानगी वेगळी घ्यावी लागेल.