२ ऑगस्ट २०२७: पावसाळ्यातलं सूर्यग्रहण बघायची तयारी

२ ऑगस्ट २०२७, सोमवार, आषाढ अमावस्या. म्हणजे आपली दिव्यांची अमावस्या. त्या दिवशी चंद्राची गडद सावली दक्षिण स्पेनवरून उत्तर आफ्रिकेत शिरेल. इजिप्तमध्ये लक्झरच्या आसपास खग्रास अवस्था ६ मिनिटं २३ सेकंद टिकेल, आणि पुढे सौदी अरेबिया, येमेन ओलांडून सावली हिंदी महासागरात उतरेल. महाराष्ट्र आणि गोव्यातून ग्रहण खंडग्रास दिसेल. सूर्याचा निम्म्याहून कमी भाग झाकला जाईल. सिंधुदुर्ग-गोव्याकडे थोडा जास्त, विदर्भात कमी.

एवढ्याशा ग्रहणात अंधारून येत नाही, पाखरंही घरट्याकडे परतत नाहीत. कुणी सांगितलं नाही तर रस्त्यावरच्या माणसाला पत्ताही लागणार नाही. त्यामुळे काय दिसेल ते फिल्टरमधून किंवा पडद्यावरच्या प्रतिमेतच. आणि महिना ऑगस्टचा, तेव्हा खरी तयारी ढगांसाठी करायची.

वेळ आणि जागा

आपल्याकडचं ग्रहण दुपारी साडेतीन ते संध्याकाळी सहा या वेळात आटोपतं. स्पर्श (सुरुवात), मध्य आणि मोक्ष (शेवट) यांच्या वेळा गावागणिक काही मिनिटांनी बदलतात. मुंबईची वेळ धरून नागपुरात बसू नका. पंचांगात शहरवार वेळा असतात. कोलकात्याचं पोझिशनल अ‍ॅस्ट्रॉनॉमी सेंटरही त्या प्रसिद्ध करतं. स्टेलारियम या फुकट मिळणाऱ्या प्रोग्राममध्ये आपलं गाव आणि तारीख टाकली की ग्रहण आधीच चालवून बघता येतं.

सूर्य पश्चिमेला असेल. मुंबईत ग्रहणमध्याच्या सुमारास तो क्षितिजापासून साधारण ३५ अंशांवर आणि मोक्षाला २० अंशांच्या आसपास असेल. हात सरळ ताणून मूठ धरली की ती जवळजवळ १० अंश झाकते. म्हणजे मध्याला साडेतीन मुठी, शेवटी दोन. समोर टॉवर, डोंगर किंवा नारळाची रांग असेल तर शेवटचा अर्धा तास हातचा जातो. दोन-तीन दिवस आधी, त्याच वेळी, त्याच जागी उभं राहून सूर्य कुठे आहे ते बघून ठेवा. एवढ्या दिवसांत त्याची जागा नजरेला जाणवण्याइतकी बदलत नाही. सोसायटीच्या गच्चीची किल्ली कुणाकडे असते तेही तेव्हाच विचारून घ्या.

ढगांचं म्हणाल तर ऑगस्टच्या सुरुवातीला कोकण आणि घाटमाथा यांचा भरवसा नाही. सह्याद्रीच्या पूर्वेला पर्जन्यछायेत, म्हणजे बारामती, माण-खटाव, सांगोला, जत या पट्ट्यात, सूर्य दिसायची आशा बरी असते. तिकडे झाकला जाणारा भाग किंचित कमी भरेल, पण आमच्या मते तो हिशेब करू नये. ढगाआडच्या चाळीस टक्क्यांपेक्षा उघड्या आभाळातले तीस टक्के कधीही चांगले. हवामान खात्याची उपग्रहचित्रं दोन दिवस आधीपासून बघा आणि त्या सकाळी ठरवा.

चष्मा

ग्रहणाच्या चष्म्यावर ‘आयएसओ १२३१२-२’ हे मानक छापलेलं असतं. या मानकाप्रमाणे दृश्य प्रकाशाचा जास्तीत जास्त ०.००३२ टक्के भाग आत यायला हवा. पण छापायला काय, कुणीही छापतं. म्हणून तारांगण, विज्ञान केंद्र किंवा जुन्या खगोलसंस्थेकडूनच घ्या, आणि तेही जुलैच्या आधी. शेवटच्या आठवड्यात चौकात विकायला येतात ते नकोत.

घरी आणल्यावर तपासा. चष्मा लावून खोलीत फिरा: ट्यूबलाइट, खिडकी, भिंत यांतलं काहीही दिसता कामा नये. मोबाइलचा टॉर्च अगदी जवळ धरला तर फार तर फिकट ठिपका दिसावा. मग चष्मा हातात घेऊन त्याची फिल्म टॉर्चसमोर धरा. टाचणीएवढं भोक, ओरखडा, घडी किंवा पुठ्ठ्यापासून सुटलेली कड दिसली तर तो चष्मा कात्रीने कापून टाका. नुसता कचऱ्यात टाकला तर कुणाचं तरी पोर उचलून लावतं. २०१९ किंवा २०२२ च्या ग्रहणातले चष्मे कपाटात असतील तर त्यांनाही हीच परीक्षा.

वेल्डिंगची काच चालते, पण १४ नंबरची. दुकानात बहुतेक वेळा १० किंवा ११ नंबरची हाताला लागते. ती सूर्यासाठी पुरत नाही. दोन काचा एकावर एक ठेवून बेरीज करत बसू नका.

एक्स-रे फिल्म, काजळी धरलेली काच, जुनी निगेटिव्ह, सीडी, दोन-तीन गॉगल हे सगळं बाद. यांतून सूर्य मंद दिसतो, पण डोळ्याला न दिसणारी अवरक्त किरणं किती येतात याची काहीच खात्री नसते. उलट मंद दिसतो म्हणून माणूस जास्त वेळ टक लावतो.

परातीत हळदीचं किंवा शेणाचं पाणी घेऊन त्यात ग्रहण बघायची पद्धत अजून आहे. पाण्यात काहीही कालवलं तरी परावर्तन होतं पृष्ठभागावरून. सूर्य ३५ अंशांवर असताना पाणी त्याचा सुमारे ४ टक्के प्रकाश परत फेकतं. चष्म्याच्या ०.००३२ टक्क्यांशी ताडून बघा, हजारपटीहून जास्त भरतो.

वापरताना: मान खाली घालून चष्मा लावा, मग वर बघा, परत मान खाली घाला आणि मगच काढा. नंबरचा चष्मा असेल तर हा त्याच्यावरून. काही सेकंद बघा, थांबा, पुन्हा बघा. हा चष्मा लावून दुर्बिणीत किंवा कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरमध्ये डोळा लावायचा नाही. भिंगाने एकवटलेलं ऊन फिल्म जाळून थेट डोळ्यात शिरतं. दुर्बिणीचा सौर फिल्टर नेहमी पुढच्या, सूर्याकडच्या तोंडावर बसतो.

पावसाळ्यात आणखी एक घोळ होतो. पातळ ढगाआडून सूर्य चंद्रासारखा पांढुरका दिसतो, चष्म्यातून काहीच दिसत नाही, आणि हात आपोआप चष्मा काढायला जातो. ढग कधी फाटेल ते सांगता येत नाही. शिवाय दृष्टिपटलाला वेदना कळत नाही; इजा होताना काही जाणवत नाही, नजर अंधुक झाल्याचं कित्येक तासांनी लक्षात येतं. चष्म्यातून दिसत नसेल तर त्या वेळी ग्रहण दिसत नाही, एवढंच समजायचं.

आरसा आणि बॉल

शाळा, सोसायटी, मोठं कुटुंब असेल तर हीच पद्धत घ्या. चेंडूवरचा आरसा सूर्याची प्रतिमा अंधाऱ्या खोलीतल्या पडद्यावर पाडतो, त्यामुळे कुणी वर बघतच नाही आणि पन्नास जणांना एकदम दिसतं.

लागतं ते असं: टेनिस बॉलएवढा प्लास्टिकचा चेंडू, ४-५ सेंमीचा सपाट आरसा, काळा कागद, चिकटपट्टी, वाळू. चेंडूला छोटं भोक पाडून त्यात वाळू भरा, म्हणजे वाऱ्याने हलणार नाही. आरशाच्या कडा चिकटपट्टीने बंद करा आणि तो चेंडूवर चिकटवा. काळ्या कागदाला कागद फाइल करायच्या पंचिंग मशीनने एक भोक पाडा (ते ५-६ मिमी भरतं) आणि कागद आरशावर घट्ट बसवा. चेंडू वाटीत किंवा चिकटपट्टीच्या रिकाम्या रिंगवर ठेवा. आता तो हवा तिकडे वळवता येतो आणि वळवाल तिथे थांबतो.

चेंडू उन्हात, पडदा अंधाऱ्या खोलीत. अंतराच्या दर मीटरला सूर्याची प्रतिमा ९ मिमी वाढते: १० मीटरवर ९ सेंमी, २० मीटरवर १८. खोली जितकी काळोखी तितकं चांगलं. दारावर चादर टाकून कवडसा आत येण्यापुरती फट ठेवा. अंतर ५ मीटरच असेल तर भोक ४ मिमीचं करा, नाहीतर कडा पुसट येतात. कवडसा भोकाच्या आकाराचा दिसत असेल तर अंतर कमी पडतंय.

दिशेत लोक फसतात. सूर्य पश्चिमेला, म्हणून आरशाच्या उत्तरेला किंवा दक्षिणेला दार असलेली खोली सर्वांत सोयीची. पश्चिमेकडच्या घरात प्रतिमा पाठवायची तर त्याच घराची सावली आरशावर येते. चार मीटर उंच घराची सावली मोक्षाच्या सुमारास ११ मीटर लांब पडते. पूर्वेकडे पाठवताना किरण आरशावर फार तिरपे पडतात आणि भोक चपटं होऊन प्रतिमा मलूल होते.

सूर्य मिनिटाला पाव अंश सरकतो. त्यामुळे १० मीटरवरची प्रतिमा मिनिटाला चार सेंमीहून जास्त पळते, दोन मिनिटांत आपल्याच जागेवरून पूर्ण हटते. चेंडूपाशी एक जाणता माणूस सतत हवा. आरशात डोकावायचं नाही आणि कवडशाच्या वाटेत डोळे आणायचे नाहीत, हे मुलांना आधीच बजावा. पडदा म्हणून पांढरा ड्रॉइंग पेपर लावून दर दहा मिनिटांनी चंद्राची कड पेन्सिलीने आखली तर शेवटी पूर्ण प्रवास कागदावर मिळतो.

खोकं, झारा, पुरणयंत्र

पिनहोलच्या खोक्यात बुटांचं खोकं घेतलं तर ३० सेंमीवर प्रतिमा जेमतेम ३ मिमीची येते. खोकी जोडून एक मीटर लांबी करा. एका टोकाला चौकोन कापून अॅल्युमिनियम फॉइल लावा आणि त्याला सुईने सुमारे १ मिमीचं गोल भोक पाडा. फॉइल फाटली तर ठिगळ लावू नका, नवी घ्या. दुसऱ्या टोकाला आत पांढरा कागद, त्याच्या बाजूला बघायची खिडकी. सूर्य पाठीमागे ठेवून उभं राहायचं. आकाशात चंद्राचा घास सूर्याच्या खालच्या बाजूने सुरू होऊन डावीकडून वर सरकेल. खोक्यात तो उलटा दिसेल.

स्वयंपाकघरातला झारा किंवा पुरणयंत्राची जाळी पांढऱ्या कागदापासून मीटरभर वर धरली की प्रत्येक भोकाखाली एक खाल्लेला सूर्य पडतो. फोटो काढायला हाच सर्वांत सोपा विषय. थेट सूर्याचा फोटो मोबाइलने काढायचा तर ग्रहणचष्म्याची फिल्म लेन्सवर धरा, झूम करा, फोकस धरून उजेड कमी करा. मोठी टेलिफोटो लेन्स फिल्टरशिवाय सूर्याकडे वळवली तर सेन्सर जळू शकतो.

जेद्दा-मक्केत असलेल्या मराठी मंडळींना खग्रास दिसेल. तिथे चंद्राच्या कडेवर सूर्यप्रकाशाचा शेवटचा तेजस्वी मणी, म्हणजे ठिपका, विझल्यावर चष्मा काढायचा आणि पहिला मणी चमकताच लावायचा. दुबई, मस्कत, दोहा इथे मात्र आपल्यासारखंच: चष्मा एक क्षणही काढायचा नाही.

दुसऱ्या दिवशी कुणाला नजरेच्या मध्यभागी डाग, वाकड्या रेषा किंवा फिके रंग दिसू लागले तर थेंब-बिंब घालत न बसता नेत्रतज्ज्ञांकडे जाऊन ग्रहण बघितल्याचं सांगा. चांगले राहिलेले चष्मे घडी न घालता, कोरड्या पाकिटात, वहीच्या पानांत ठेवा. २१ मे २०३१ ला कंकणाकृती ग्रहण केरळ-तमिळनाडूतून जातं. पुठ्ठ्याला बुरशी लागली नसेल आणि टॉर्चच्या परीक्षेत फिल्म उतरली, तर तेव्हा ते पुन्हा बाहेर काढता येतील.