शाळा, सोसायटी आणि मग एनजीओ: बेळगावात राहून पॉलिसीच्या कामात कसं शिरायचं

बीएड करून शाळेत, मग क्रेडिट सोसायटीत नाहीतर बँकेत आणि आता एनजीओत, असा बायोडेटा दिसला की आपल्याकडं लोक म्हणतात ह्याचं कुठं टिकतच नाही बघा. पण पॉलिसीच्या, म्हणजे सरकारी धोरणाच्या कामाला अशीच माणसं लागतात, फक्त कुठनं काय उचलायचं ते नोकरीत असतानाच ठरवा.

शाळेत असाल तर यूडायस प्लसचा (शाळांची माहिती सरकारकडं जाते तो) फॉर्म हेडमास्तरांकडनं मागून स्वतः भरा (खुशीनं देतील, ते काम कुणालाच नको असतंय). खोल्या किती, टॉयलेट चालू किती, हे आकडे वर कसे जातात ते तिथंच कळतंय. एसडीएमसीच्या (पालकांच्या शाळा समितीच्या) मीटिंगला पण बसा, पालक बोलतात एक आणि ठरावात उतरतंय भलतंच.

सोसायटीत गेलात तर काउंटरवर अडकू नका, पिग्मीवाल्याबरोबर (रोजची बचत दारोदार गोळा करतो तो) चार दिवस बाजारात फिरा. भाजीवाली रोजचे पैसे कधी भरते, जूनमध्ये वह्या-पुस्तकं, फी आली की का थांबते, हे कुठल्या रिपोर्टात सापडायचं नाही. त्याच्या जोडीला ताळेबंद, एनपीए (थकलेली कर्जं), ऑडिटचे शेरे वाचायला शिका, कारण एनजीओत तळमळीची माणसं भरपूर पण बजेट वाचणारा शोधावा लागतोय.

आता मुख्य गोष्ट, कन्नड. सीमाप्रश्नावर तुमचं मत काय असेल ते असू दे, पण सर्क्युलर कन्नडमध्ये येतंय, पीडीओ (ग्रामपंचायतीचा विकास अधिकारी) कन्नडमध्ये लिहितोय, मग ते वाचता येईना तर पॉलिसी कशाची करणार? सुरुवातीला एक तालुका आणि एकच प्रश्न धरा. समजा खानापूरच्या जंगलाकडच्या गावांतल्या मुली सातवीनंतर हायस्कूलला जातात कशा, बस आहे का, असली तर किती वाजता. माहिती अधिकारात विचारा, फी 10 रुपये, उत्तर 30 दिवसांत द्यायला पाहिजे, आणि कर्नाटकात अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत लागतोय, म्हणून गाऱ्हाणं न लिहिता सरळ आकडे मागा. मग त्याची एक पानाची कन्नड टिपणी करून बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन लागायच्या आधीच आमदारांच्या पीएकडं द्या, अधिवेशन चालू झाल्यावर तिथं मोर्च्यांचीच गर्दी असते.

पगार बँकेपेक्षा कमी मिळेल हे घरी आधीच सांगून ठेवा. जॉइन व्हायच्या आधी संस्थेचं 12ए आणि 80जी (इन्कम टॅक्सच्या सवलतीची नोंदणी) बघा, मागच्या तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट मागा, द्यायला टाळाटाळ केली तर तिथनंच परत फिरा. आणि तुमचा पगार सीएसआरच्या (कंपन्यांच्या सामाजिक निधीच्या) एका वर्षाच्या प्रोजेक्टातनं निघणार की संस्थेच्या स्वतःच्या पैशातनं, हे लाज न बाळगता विचारा, ऑफर लेटरवर लिहून पण घ्या.