मूल सारखं धडपडतं? या चुका टाळा

'येईल हळूहळू, याचे बाबाही असेच वेंधळे होते.' ऑक्युपेशनल थेरपीसाठी (रोजची कामं स्वतः करता यावीत म्हणून दिली जाणारी उपचारपद्धती) येणाऱ्या निम्म्या पालकांकडून मी हे ऐकते. शाळकरी वयातल्या साधारण ५ ते ६ टक्के मुलांना हालचालींचा मेळ घालणं खरंच अवघड जातं. चाळिसांच्या वर्गात अशी दोन तरी निघतात, आणि बहुतेकदा त्यांनाच आळशी म्हटलं जातं.

पानंच्या पानं लिहून घेणं

ही चूक बघून माझा जीव तुटतो. दुसरीतला एक मुलगा आला होता. अक्षर वाईट म्हणून शाळेने रोजची जादा पानं लावलेली, आणि आई ती रात्री जेवणानंतर पुरी करून घ्यायची. मी त्याला समोर लिहायला बसवलं. पाय खुर्चीवरून लोंबकळत होते. डावा हात मांडीवर, त्यामुळे वही सरकत होती. पेन्सिल इतकी दाबलेली की अक्षरं मागच्या पानावर उमटली, मग टोकच तुटलं. चौथ्या ओळीला तो हात झटकायला लागला.

विचारल्यावर कळलं, जन्म तिसाव्या आठवड्यातला, वजन सव्वा किलो. ३२ आठवड्यांच्या आत किंवा दीड किलोपेक्षा कमी वजनाच्या जन्मलेल्या मुलांत ही अडचण कितीतरी जास्त दिसते. त्यात घरी बटणं आजी लावायची, भात आई भरवायची, डबा शाळेतल्या मावशी उघडून द्यायच्या. अडचण जन्मापासूनची होतीच, पण हाताला कामही कुणी मिळू दिलं नव्हतं.

जादा पानं आधी बंद करायला लावली. पायाखाली पाट, डावा हात वहीवर, आणि संध्याकाळी खेळून-खाऊन झाल्यावर मोजक्या ओळी. शर्टाचं एक बटण त्याने स्वतः लावायचं, सगळ्यात खालचं, कारण ते नीट दिसतं. जमलं की वरचं. पुढे अक्षर सुंदर झालं नाही, पण वाचता यायला लागलं, आणि डबा तो स्वतः उघडू लागला. 'पंधरा दिवसांत सुंदर अक्षर'वाल्या वर्गांना या मुलांना पाठवू नका. जे काम अडतं तेच, छोटे तुकडे पाडून, रोज थोडं करायचं. यापेक्षा जवळचा रस्ता मला तरी माहीत नाही.

लवकर चालावं म्हणून वॉकर

वॉकरने मूल लवकर चालत नाही. ते त्यात बसून चवड्यांनी रेटत राहतं, तोल सांभाळायची वेळच येत नाही, वर जिन्यावरून पडण्याची भीती. कॅनडाने २००४ मध्ये वॉकरवर बंदी घातली. आपल्याकडे अजून हौसेने भेट देतात. लाकडी पांगुळगाडा त्यापेक्षा बरा, कारण मागे मूल स्वतःच्या पायांवर उभं असतं. पण तोही धरून उभं राहता आल्यावर, आणि कुणी शेजारी असताना. तोवर जमिनीवर चटई टाका आणि जागेपणी बाळाला पालथं खेळू द्या.

आणखी काही

मुदतीआधी जन्मलेल्या बाळाचे महिने दोन वर्षांपर्यंत डॉक्टरांनी दिलेल्या प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजा.

डावखुऱ्या मुलाचा हात बदलू नका.

'पुढच्या वर्षीही होतील' असे मोठे बूट घेऊ नका.

मोबाइल दाखवत भरवणं थांबवा. सांडलं तरी मुलाला स्वतः जेवू द्या.

'मुलगे उशिराच शिकतात' म्हणून थांबू नका. ही अडचण मुलग्यांतच जास्त आढळते.

घरी प्रयोग करत बसू नका

१८ महिने होऊनही चालत नाही, पहिल्या वाढदिवसाआधीच एकच हात वापरतं, जमिनीवरून उठताना स्वतःच्या मांड्यांवर हात टेकत वर येतं, किंवा येत असलेली गोष्ट जमेनाशी झाली, तर लगेच बालरोगतज्ज्ञांकडे जा. अनेक जिल्हा रुग्णालयांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं, तिथे तपासणी मोफत होते. जाताना जन्माच्या वेळची फाइल आणि घरी जेवताना, जिना चढताना काढलेला व्हिडिओ न्या, कारण नव्या जागी मुलं बुजतात आणि काहीच करून दाखवत नाहीत.