रंगमंचावरून कोर्टात येणाऱ्यांसाठी

सनदेपर्यंतचा, म्हणजे वकिलीच्या परवान्यापर्यंतचा रस्ता ठाऊकच असेल: पदवी, सीईटी, तीन वर्षांचं एलएलबी, राज्य बार कौन्सिलकडे (वकिलांच्या नियामक संस्थेकडे) नोंदणी, मग ऑल इंडिया बार परीक्षा. 2024 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे खुल्या गटाला नोंदणीला 750 रुपयांहून जास्त मागता येत नाहीत. शूटिंग सांभाळायचं म्हणून ‘हजेरीचं आम्ही बघतो’ म्हणणारं कॉलेज मात्र अजिबात घेऊ नका. दिवाणी प्रक्रिया संहिता वर्गात बसल्याशिवाय डोक्यात शिरत नाही.

खरा खड्डा उलटतपासात आहे. नट प्रश्न टाकतो, थांबतो. साक्षीदार अडखळतो, घाम पुसतो, कोर्ट स्तब्ध. बाजी मारल्यासारखं वाटतं. मग जबानीची नक्कल हातात येते: ‘हे म्हणणे खरे नाही की, मी त्या दिवशी गावात नव्हतो.’ बस्, एवढंच. तो पॉज नाही, तो घाम नाही. अपिलात फक्त ही ओळ वाचली जाते, आणि तिथे साक्षीदार ठाम दिसतो. हावभावांवर शेरा नोंदवायचा अधिकार न्यायाधीशांना आहे (दिवाणी प्रक्रिया संहिता, आदेश 18, नियम 12), पण त्या भरवशावर राहू नका.

म्हणून त्या शांततेचं शब्दांत रूपांतर करा. ‘गावात असल्याचा कागद दाखल केलाय का?’ ‘नाही.’ हे नोंदीत येतं. एका प्रश्नात एकच गोष्ट, हातात निशाणी क्रमांक (कोर्टाने कागदाला दिलेला नंबर), आणि उत्तर आधीच माहीत असलेलं. ‘मग खोटं का बोललात?’ हा टाळीचा प्रश्न गिळा. त्या ‘का’ने साक्षीदाराला खुलाशाची वाट मिळते. टंकलेखन चालू असताना स्क्रीनवर नजर ठेवा. उत्तर चुकीचं उतरलं तर साक्षीदाराची सही होण्याआधीच सांगा, नंतर फार जड जातं.

घाबरू नका. माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा आवाज आणि पाठांतराची सवय इथे रोज कामी येते. सिनिअर मात्र नाव बघून नव्हे, बोर्ड, म्हणजे रोजच्या कामाची यादी बघून निवडा. ज्यांच्याकडे रोज साक्षीपुरावे चालतात, त्यांच्या मागे दोन वर्षं फाइल घेऊन उभं राहणं मोठ्या चेंबरमधल्या खुर्चीपेक्षा मोलाचं.

ओळखीच्या चेहऱ्याचा मोह वेगळाच. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम 36 प्रमाणे जाहिरात करता येत नाही, चालवलेल्या खटल्याच्या संदर्भात स्वतःचा फोटो छापून आणणंही त्यातच येतं. प्रयोग चालू ठेवायचे असतील तर आधी राज्य बार कौन्सिलची लेखी संमती घ्या. पूर्णवेळ पगारी करार करणार असाल, तर सहीआधी कौन्सिलला कळवून वकिली स्थगित करा.