‘गाडी पिकअप घेत नाही’ : गॅरेजमध्ये नव्याने लागलेल्यांसाठी

आयटीआय संपवून गॅरेजला लागलात की ही तक्रार जवळपास रोज कानावर येईल. मालक म्हणतो पिकअप नाही, आणि नवा पोरगा लगेच थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा झडपेने कमी-जास्त करणारा भाग) खोलायला धावतो. थांबा. ‘पिकअप नाही’ ही तक्रार झाली, बिघाड अजून कुणाला माहीत नाही.

रेस दिल्यावर गाडी क्षणभर थबकते आणि मग उचलते, हा एक प्रकार. थबकत नाही, पण चढाला दमते, हा दुसरा. तिसऱ्यात आरपीएमचा काटा झरझर चढतो आणि स्पीड मात्र तिथेच राहतो. तिथे आधी क्लचप्लेट बघायची, इंजिनला हात लावायचं कारण नाही. हे तीन वेगळे काढायचे तर बॉनेट उघडण्याआधी ट्रायल मारावी लागते, आणि शक्यतो मालकालाच चालवू द्यावं. तो कुठल्या गिअरला, किती रेसला कुरकुरतो ते शेजारी बसूनच कळतं. पुण्यात आम्ही ट्रायलला कात्रजचा जुना घाट धरतो. सपाटीला बरी वाटणारी गाडी तिथे उघडी पडते.

सीएनजीची गाडी असेल तर पहिला प्रश्न : पेट्रोलवर कशी चालते? फक्त गॅसवर ओढत नसेल तर गॅसचा फिल्टर, रेग्युलेटर आणि इंजेक्टरकडे जा. दोन्हीवर त्रास आहे, पण गॅसवर जास्त, असं असेल तर आधी प्लग काढून गॅप (ठिणगी पडते ती फट) बघा. गॅस पेटवायला ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे झिजलेला प्लग किंवा दमलेली कॉइल पेट्रोलवर निभावते आणि गॅसवर मिसिंग मारते, म्हणजे मधेच ठिणगी चुकते. गॅसवर पिकअप थोडा कमी असतोच, हेही मालकाला सांगून टाकावं. नाहीतर गाडी पुन्हा दारात उभी.

मग फुकटच्या तपासण्या. जाड मॅट पेडलखाली सरकलेली असते आणि पेडल पूर्ण दाबलंच जात नाही. हसू नका, होतं असं. एअर फिल्टर काढून बघा. बरेच दिवस उभ्या राहिलेल्या गाडीत उंदराने फिल्टरच्या डब्यात घरटं केलेलं सापडतं.

आता स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदलेले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र. कोड नाही म्हणजे दोष नाही, असं समजू नका. लाइव्ह डेटा, म्हणजे सेन्सरचे त्या क्षणाचे आकडे, वाचायला शिका, खरी विद्या तिथे आहे. हल्लीच्या गाड्यांत पेडलपासून थ्रॉटलपर्यंत केबल नसते. पेडल किती दाबलंय ते पेडलमधले दोन सेन्सर ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) सांगतात आणि किती झडप उघडायची ते ईसीयू ठरवतो. चावी ऑन, इंजिन बंद, आणि पेडल अगदी सावकाश दाबा. स्कॅनरवर पेडलचा आकडा सलग चढला पाहिजे, मध्ये उडी नको. दोन सेन्सरचं एकमेकांशी जुळलं नाही तर पी२१३८ हा कोड येतो आणि गाडी लिंप मोडला जाते, म्हणजे ईसीयू ताकद मुद्दाम कमी ठेवतो. मात्र सेन्सर बदलायच्या आधी कनेक्टर उघडून पिना बघा. पावसाळ्यात हिरवा गंज इथेच धरतो.

त्याच वेळी मॅप सेन्सरचं (थ्रॉटलच्या पलीकडे, इंजिनच्या हवेच्या नळीतला दाब मोजणाऱ्या सेन्सरचं) रीडिंग घ्या. इंजिन बंद असताना तो बाहेरच्या हवेचा दाब दाखवतो. मुंबईत साधारण १०१ किलोपास्कल, पुण्यात ९५च्या आसपास, महाबळेश्वरला ८६. पुण्यात ९५ बघून सेन्सर गेला म्हणणारे मी पाहिलेत. गरम इंजिन, एसी बंद, आयडलला (रेस न देता इंजिन चालू असताना) हाच आकडा साधारण ३० ते ४०मध्ये बसतो.

इथे एक घोळ होतो. इंटरनेटवरचे बरेच व्हिडिओ एमएएफ सेन्सरच्या, म्हणजे आत जाणारी हवा थेट मोजणाऱ्या सेन्सरच्या, गाड्यांचे असतात. त्या गाडीत सेन्सर आणि इंजिनच्या मध्ये कुठे पाइप फुटून हवा खेचली गेली, की ती मोजलीच जात नाही. मिश्रण पातळ होतं, आयडलला फ्युएल ट्रिम (ईसीयू इंधनात करत असलेली वाढ-घट) चांगला वर जातो आणि रेस दिल्यावर खाली येतो. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्या मॅपवर चालतात. तिथे तीच गळती ट्रिममध्ये फारशी दिसत नाही. आयडल चढतं आणि मॅपचा आकडा वाढतो. कुठला सेन्सर आहे ते न बघता ट्रिमवरून निकाल देऊ नका.

थ्रॉटल बॉडी खरंच काळी असेल तर जरूर साफ करा. क्रँककेसमधून येणारी तेलकट वाफ झडपेच्या कडेला चिकटते, आणि थबकण्याच्या तक्रारीत हे कारण बरेचदा निघतं. क्लीनर फडक्यावर घ्या, आत धो धो फवारू नका. चावी ऑन असताना झडप बोटाने ढकलू नका, मोटर आणि गिअर दुखावतात. साफ केल्यावर आयडल चढलेलं दिसेल. स्कॅनरने लर्निंग द्या, म्हणजे साफ झडपेची जागा ईसीयूला नव्याने शिकवा, त्या मॉडेलची पद्धत बघून.

डिझेल टर्बो असेल तर डिझेल फिल्टर, इंटरकूलरचे होज आणि अ‍ॅक्च्युएटरची (टर्बोचा दाब सांभाळणाऱ्या भागाची) बारकी व्हॅक्यूम नळी या क्रमाने जा. फुटलेल्या होजच्या आसपास तेलाचा ओला डाग असतो. पी०२९९ (टर्बोचा दाब कमी पडतोय) हा कोड आला म्हणून टर्बोचं कोटेशन देणं म्हणजे मालकाच्या खिशात हात घालणं. घाटात दमणाऱ्या पेट्रोल गाडीत सगळं ठीक निघालं तर फ्युएल प्रेशर आणि चोक झालेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेवरचा धूर साफ करणारा डबा), हे दोन उरतात.

पहिल्या पगारातून महागडा स्कॅनर घेऊ नका. एक बरा मल्टिमीटर घ्या आणि एक वही सुरू करा. सर्व्हिसिंगला आलेल्या धडधाकट गाड्यांचं मॉडेल, आयडलचा मॅप, ट्रिम, पेडलचं व्होल्टेज लिहून ठेवत जा. चांगल्या गाडीचा आकडा माहीत नसेल तर बिघडलेल्या गाडीचा आकडा काय सांगतो ते कसं कळणार? यात दर गाडीमागे थोडा वेळ जातो आणि फोरमन कावतो. कावू द्या.