मेमो देण्याआधी वॉर्ड तपासा

सकाळी ८ चं अँटिबायोटिक साडेनऊला गेलं, बाळंतिणीचा बीपी लिहायचा राहिला, केसपेपर अर्धवट. अशा वेळी तालुक्याच्या रुग्णालयात पहिला कागद निघतो तो कारणे दाखवा नोटिशीचा, कारण त्याला खर्च येत नाही. पण ३० खाटांच्या ग्रामीण रुग्णालयात तीच चूक तीन वेगवेगळ्या सिस्टरांच्या ड्यूटीत होत असेल, तर ती वॉर्डात शोधायला हवी. कशी शोधायची, आणि बांधकाम विभागाची वाट न पाहता रुग्ण कल्याण समितीच्या पैशांत काय काय दुरुस्त करता येतं, ते इथे वैद्यकीय अधीक्षक आणि इन्चार्ज सिस्टर यांच्यासाठी दिलं आहे.

आधी फेऱ्या मोजा

एक शंभर पानी वही घ्या. तीन दिवस, तिन्ही पाळ्यांत, सिस्टर वॉर्ड सोडून काही आणायला गेली की मावशीने एक रेघ मारायची आणि कशासाठी ते एका शब्दात लिहायचं: चिकटपट्टी, आयव्ही सेट, किल्ली, सही, फोन. कोण गेलं ते लिहायचं नाही. नाव आलं की दुसऱ्या दिवसापासून वही खोटी होते. चौथ्या दिवशी रेघा मोजल्या की दिसतं, बहुतेक फेऱ्या त्याच चार-पाच वस्तूंसाठी आहेत. आणि त्यांत किल्ली हमखास असते.

स्टोअर संध्याकाळी बंद होतं, किल्ली औषधनिर्मात्याकडे, औषधनिर्माता घरी. म्हणून सिस्टर जास्तीचे सेट कपाटात लपवून ठेवतात. मग महिन्याच्या तपासणीत साठा जुळत नाही आणि त्याचाही मेमो निघतो. यावर उपाय रात्रीची पेटी. झाकणाची प्लॅस्टिकची पेटी, झाकणाच्या आत चिकटवलेली यादी, बाहेर क्रमांक असलेलं तुटणारं सील. सील तुटलं की सकाळी औषधनिर्मात्याने पेटी भरून नवं सील लावायचं, ओव्हर देताना, म्हणजे पाळी बदलताना पुढच्या सिस्टरकडे वॉर्ड सोपवताना, फक्त सीलचा क्रमांक सांगायचा. किल्लीचा प्रश्नच उरत नाही.

पेटीत काय असावं हे आपल्या भागातल्या रोगांवरून ठरवा, छापील यादीवरून नको. विदर्भात दोन गोष्टी डोळ्यांपुढे ठेवा: साप आणि फवारणी.

सापासाठी सर्पदंशप्रतिबंधक लसीच्या किमान १० बाटल्या, कारण पहिला डोसच तेवढा असतो. सोबत प्रत्येक बाटलीमागे १० मिली पाणी, सलाईन, ॲड्रेनलीन आणि काचेच्या कोरड्या नळ्या. नळ्यांवर लोक सगळ्यांत कमी लक्ष देतात. २० मिनिटांत रक्त गोठतं का हे पाहायची नळी साबणाने धुतलेली असेल तर चांगलं रक्तही गोठत नाही, आणि विष नसलेल्या माणसाला लस चढते. प्लॅस्टिकच्या नळीवरही भरवसा ठेवता येत नाही. नव्या, न धुतलेल्या काचनळ्या पाकिटात बंद करून पेटीतच ठेवा.

फवारणीच्या विषबाधेचा हंगाम जुलै ते ऑक्टोबर. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना शेतकरी-शेतमजुरांना झालेल्या विषबाधा सगळ्यांना आठवत असतील. ऑरगॅनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकाच्या विषबाधेत डॉक्टर ॲट्रोपिन हा उतारा साधारण १.८ मिलिग्रॅमपासून सुरू करतात आणि उतार दिसेपर्यंत दर ५ मिनिटांनी डोस दुप्पट करतात. ०.६ मिलिग्रॅमच्या अँपूलमध्ये हिशेब मांडा: आधी ३, मग ६, मग १२, मग २४. पाऊण तास सोडा, पहिल्या १५ मिनिटांतच ४५ अँपूल. ट्रॉलीवर १० ठेवले असतील तर तिसऱ्या डोसलाच सिस्टर स्टोअरकडे पळणार, आणि तिची धावपळ बघून नातेवाईक ओरडणार. हंगामात पेटीत ५० अँपूल ठेवा. एवढे फोडायचे म्हणजे दोन हात कमी पडतात, हेही लक्षात असू द्या. त्यावरून पुढचा मुद्दा.

रोस्टरचं गणित कागदावर करा

रात्री एक सिस्टर वॉर्डात आणि एक लेबर रूममध्ये, ही किमान गरज. दोन्हीकडे मिळून एकच असेल तर प्रसूती सुरू झाल्यावर वॉर्ड वाऱ्यावर. चोवीस तास दोघी हव्यात तर दिवसाला ४८ तास, महिन्याला १४४० तास. एका सिस्टरचे ३० दिवसांतून ४ साप्ताहिक सुट्ट्या आणि रजा-सण मिळून ३ दिवस वजा केले तर २३ दिवस, रोज ७ तास धरून १६१ तास. १४४० ला १६१ ने भागा: ९ सिस्टर. प्रशिक्षण, बाळंतपणाची रजा, शिबिराची ड्यूटी यात धरलेली नाही. म्हणूनच भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांत मूळ संख्येवर ३० टक्के रजा-राखीव धरायला सांगितलं आहे.

तुमच्याकडे ६ भरलेल्या असतील तर हा कागद दर तिमाहीला जिल्हा शल्यचिकित्सकांकडे पाठवा. तोवर जे आहे त्यात रोस्टर तरी नीट लावा. पाळ्या पुढे सरकवा: सकाळ, मग दुपार, मग रात्र. उलट्या क्रमाने लावल्या तर झोप जुळायला जास्त दिवस लागतात, कारण शरीराला उशिरा झोपणं जमतं, लवकर झोपणं जमत नाही. सलग रात्री तीनच्या वर नकोत. रात्रीनंतरची सुट्टी कागदावर आहे, पण सकाळी ९ ला सरकारी पोर्टलवर माहिती भरायला थांबवून घेतलं तर ती सुट्टी गेली. सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाची प्रतिक्रिया रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखी मंदावते, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. संध्याकाळी घरचं सगळं आवरून ८ ला ड्यूटीवर आलेली सिस्टर पहाटे ३ ला त्याच अवस्थेत असते, आणि त्याच वेळी तिने इन्सुलिनची युनिटं मोजायची असतात. जोडीदार असेल तर मध्यरात्रीनंतर पाळीपाळीने २० ते ३० मिनिटं डोळे मिटू द्या. उठल्यावर पहिली १५ मिनिटं औषध काढायचं नाही. झोपलेली सापडली म्हणून फोटो काढून ग्रुपवर टाकणाऱ्या अधिकाऱ्याने काही कमावलेलं नसतं.

आता एसटी. बऱ्याच सिस्टर जिल्ह्याच्या किंवा शेजारच्या तालुक्याच्या गावाहून येतात. पाळी रात्री ८ ला संपते आणि शेवटची गाडी पावणेआठची, तर ओव्हर साडेसातलाच उभ्याउभ्या उरकला जातो, पर्स खांद्याला. ‘सगळे ठीक आहेत’ हा ओव्हर नव्हे, पण गाडी चुकली तर रात्र काढायची कुठे? डेपोचं वेळापत्रक आणा आणि पाळीची वेळ त्यावर बसवा: सव्वासातला नवी सिस्टर हजर, साडेसातला जुनी मोकळी. मधली १५ मिनिटं खाटेजवळ ओव्हरची. आधी गंभीर रुग्ण, मग आज ऑपरेशन किंवा प्रसूती झालेल्या, मग बाकीचे. प्रत्येकाचं काय झालं, काय चालू आहे, पुढचा डोस किती वाजता, कशावर नजर ठेवायची, एवढंच. अधिकृत वेळ बदलायला अधीक्षकांचा कार्यालयीन आदेश पुरतो का, की वर मंजुरी हवी, हे आधी विचारून घ्या.

सणांचा तक्ता वर्षाच्या सुरुवातीलाच लावा. पोळा, महालक्ष्म्या, दिवाळी या रात्री दरवर्षी कंत्राटी मुलींच्या वाट्याला येतात. पगार कमी आणि सणही नाही, हे वर्षभर मनात राहतं, आणि महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी कोणाला तरी ताप येतो.

ऊन

नवतपा लागला की वॉर्डातलं निम्मं काम उन्हाविरुद्धच असतं. मे महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोल्याकडे पारा ४५ च्या वर जातो. कुलर सगळीकडे आहेत, पण लावलेले चुकीचे. कुलर बाहेरची कोरडी हवा ओढून आत ढकलतो, त्यामुळे समोरची खिडकी उघडी लागते. ‘थंडावा जाईल’ म्हणून सगळं बंद केलं की तासाभरात वॉर्ड दमट होतो आणि सगळे घामाने चिकट. कुलर खिडकीबाहेर, शक्यतो सावलीत, आणि तोंड खाटांकडे. सिस्टरांच्या टेबलामागे लावला तर घरघरीत रुग्णाची हाक ऐकू येत नाही. टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासा, नाहीतर डेंग्यूचे डास रुग्णालयातच पैदा होतील. पावसाळा लागला की कुलर बंद करून पंखेच चालवा, दमट हवेत त्याचा उपयोग नाही.

एक बारीक गोष्ट पाहा. मे महिन्यात दुपारी २ ला वॉर्डातला नळ सोडून हात धरा. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी चटका देतं. त्या पाण्याने ४० सेकंद हात धुवायचे कसे? सिस्टर धूत नाहीत आणि भिंतीवर हात धुण्याच्या सहा पायऱ्यांचं पोस्टर लटकत राहतं. टाकीला पांढरा चुना द्या, वर हिरवी जाळी किंवा तट्ट्या टाका, टाकी रात्री भरा. आणि प्रत्येक खाटेच्या पायथ्याला सॅनिटायझर. जागतिक आरोग्य संघटनेचा मापदंड १००० रुग्ण-दिवसांमागे २० लिटर आहे. रोज सरासरी २० रुग्ण भरती असतील तर महिन्याचे ६०० रुग्ण-दिवस, म्हणजे १२ लिटर, अर्ध्या लिटरच्या २४ बाटल्या. स्टोअरचा इंडेंट (मागणीपत्र) काढून पाहा, किती जातात.

बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखणारं ऑक्सिटोसिन २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. ते लेबर रूमच्या खिडकीतल्या ट्रेवर दुपारभर राहिलं तर ताकद जाते, आणि रक्तस्राव थांबत नाही म्हणून दोष सिस्टरवर येतो. लेबर रूमला छोटा फ्रिज द्या. औषध मधल्या कप्प्यात, दारात किंवा बर्फाच्या कप्प्यात नाही. लसींच्या फ्रिजमध्ये (आयएलआर) ते कोंबू नका.

सिस्टर पाणी पीत नाहीत, कारण त्यांचं शौचालय वापरण्याजोगं नसतं. बाहेर रुग्णांच्या रांगेत, आतून कडी नाही, बल्ब गेलेला. मग १२ तासांच्या रात्रीत एकच ग्लास पाणी, आणि पुढच्या महिन्यात लघवीच्या संसर्गाची रजा. कडी, बल्ब, बादली, झाकणाची कचरापेटी आणि दोनशे रुपयांचं कुलूप. या सगळ्या लेखातलं सगळ्यांत स्वस्त काम हेच, आणि सगळ्यांत जास्त टाळलं जाणारंही.

लाइन गेली की

वळवाच्या पावसात लाइन जाते. जनरेटर आहे, पण किल्ली कोणाकडे आणि डिझेल किती, हे अंधारात विचारायचं नसतं. दर सोमवारी १० मिनिटं भारावर चालवून पाहा आणि वहीत सही घ्या. इन्व्हर्टरवर लेबर रूमचे दिवे, सिस्टरांचं टेबल आणि फ्रिज एवढंच. नवजात बाळाला ऊब देणारा रेडिएंट वॉर्मर ६०० वॅटच्या आसपास किंवा जास्त ओढतो, तो छोट्या इन्व्हर्टरला लावला की सगळंच बसतं. तोंडा-घशातला स्राव ओढून काढणारं सक्शन यंत्र पायाने चालणारं एक तरी हवं. प्रत्येक टेबलाला डोक्यावर बांधायची बॅटरी द्या, मोबाइल दातात धरून शिरा शोधायला लावू नका.

सुई टोचली, हात उगारला

सुई टोचली तर जागा साबण-पाण्याने धुवायची, पिळायची नाही. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं शक्यतो २ तासांत, उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. ती ठेवलेली असतात समुपदेशन केंद्रात, आणि केंद्र संध्याकाळी बंद. पहिल्या डोसचं पाकीट रात्रीच्या पेटीत ठेवा. हिपॅटायटिस बीची लस (०, १ आणि ६ महिने) कंत्राटी सिस्टर आणि मावशींनाही द्या. सुयांचा डबा तीन-चतुर्थांश भरला की बंद. वरपर्यंत भरू दिला की टोचणारच.

मृत्यूची बातमी एकट्या सिस्टरने सांगायची नाही. डॉक्टर सोबत हवेत, दाराकडे मोकळी वाट हवी, रुग्णामागे एकच नातेवाईक पासावर. गोंडी किंवा कोरकू बोलणारे रुग्ण असतील तर त्या भाषेचा कर्मचारी किंवा आशाताई बोलावून घ्या. अर्धा तणाव न समजलेल्या शब्दांतून येतो. महाराष्ट्रात २०१० पासून वैद्यकीय सेवेतल्या व्यक्तींवरील हिंसेविरुद्ध स्वतंत्र कायदा आहे: गुन्हा दखलपात्र, अजामीनपात्र, ३ वर्षांपर्यंत कैद. तक्रार संस्थेच्या नावाने अधीक्षकांनी द्यावी. सिस्टरला एकटीला ठाण्यात पाठवलं की दुसऱ्या दिवशी गावातल्या मध्यस्थांची रांग तिच्या घरी लागते.

रागवायचं असेल तर रुग्णांसमोर नको. राउंडमध्ये सगळ्यांपुढे बोललं गेलं की पुढची चूक लपवली जाते, आणि लपवलेला चुकीचा डोस डॉक्टरला वेळेत कळत नाही.

काय मोजत राहायचं

दर आठवड्याला चारच आकडे पुरेत. वेळेच्या तासाभरात गेलेले अँटिबायोटिकचे डोस किती, प्रसूतीनंतरच्या पहिल्या २ तासांत दर १५ मिनिटांनी, म्हणजे ८ वेळा, बीपी-नाडी लिहिलेल्या बाळंतिणी किती, सुई टोचण्याच्या नोंदी किती, आणि न कळवता पडलेल्या रजा किती. वॉर्ड सुधारायला लागला की सुई टोचल्याच्या नोंदी आधी वाढतात. घाबरू नका, लोक सांगायला लागले एवढाच त्याचा अर्थ. बीपीचे आठही आकडे ११०/७० असे एकसारखे दिसले तर मात्र ते २ तासांनी एकदम बसून लिहिलेले आहेत. त्या पाळीत किती सिस्टर होत्या, ते रोस्टर उघडून पाहा.